गडावरचं 'म्हणे': आपल्या दुर्गवाङ्मयाविषयी थोडी तक्रार



निमंत्रणपत्रिकेवर आमच्या व्याख्यानाचा विषय 'आपले जलदुर्ग आणि गिरिदुर्ग : एक गौरवशाली वारसा' असा छापला आहे. आम्ही फोनवर सांगितला होता तो 'किल्ल्यांवरचं लेखन' एवढाच. 'गौरवशाली' हे विशेषण कार्यकारिणीच्या बैठकीत वाढलं की छापखान्यात, ते आम्ही विचारलं नाही. (हशा) पण वाढलं ते बरंच झालं. आमची तक्रार त्या विशेषणापासूनच सुरू होते.

आधी एक कबुली. आम्ही इतिहासकार नाही. मोडी आम्हाला अडखळत वाचता येते. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून गडही चढवत नाहीत. नोकरीची सगळी वर्षं आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, त्यातही प्रमाणशास्त्र. म्हणजे एखादी गोष्ट आपल्याला 'माहीत आहे' असं आपण म्हणतो, ते कशाच्या बळावर, एवढाच आमचा धंदा. किल्ल्यांवरची पुस्तकं मात्र आम्ही शाळेपासून वाचत आलो. चिंतामण गंगाधर गोगटे यांच्या 'महाराष्ट्र देशांतील किल्ले'पासून ते परवा नातवाने मोबाइलवर दाखवलेल्या चित्रफितीपर्यंत. तेव्हा आज जे बोलू ते एका वाचकाचं बोलणं समजा.

मागच्या पावसाळ्यात आम्ही एक उद्योग केला. हल्ली निघालेलं, बऱ्यापैकी खपलेलं एक गडमार्गदर्शक घेतलं. नाव सांगत नाही, लेखक भला माणूस आहे. त्यातल्या 'असे म्हणतात', 'अशी आख्यायिका आहे', 'असे सांगितले जाते' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढत गेलो. पुस्तक संपेपर्यंत ते शाळेतल्या व्याकरणाच्या वहीसारखं दिसायला लागलं. पण आम्हाला खटकलं ते निराळंच. जिथे 'म्हणतात' लिहिलं होतं तिथे लेखक निदान प्रामाणिक होता. खरी अडचण होती जिथे 'म्हणतात' गळून पडलं होतं तिथे. मागच्या पुस्तकात जे 'म्हणतात' होतं, ते या पुस्तकात 'आहे' झालं होतं. बघा, 'म्हणे' हा एवढासा शब्द, पण तो पुसला की माहितीची जातच बदलते.

आपल्या जुन्या दर्शनकारांना हा प्रश्न चांगला माहीत होता. ज्याचा मूळ सांगणारा सापडत नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या जे लोक सांगत आले, त्याला त्यांनी नाव दिलं 'ऐतिह्य'. ठरलेलं उदाहरण असं, की या वडावर यक्ष राहतो. कुणी पाहिला? माहीत नाही. पण आजोबा म्हणत, त्यांचे आजोबा म्हणत. पौराणिकांनी याला स्वतंत्र प्रमाण मानलं. गौतमाने न्यायसूत्रांत सांगितलं, की हे काही वेगळं प्रमाण नव्हे, शब्दातच याचा समावेश होतो. आणि शब्दाला प्रामाण्य येतं ते सांगणारा आप्त असेल तर. आप्त कोण? तर ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे तो. वात्स्यायन पुढे जे म्हणतो ते आम्हाला फार आवडतं. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू आहे, असं तो म्हणतो. म्लेच्छसुद्धा आप्त असू शकतो. हे लक्षात ठेवा, पुढे एक म्लेच्छ येणार आहे.

तर मंडळी, गडांवरचं आपलं बरंचसं लेखन हे ऐतिह्य आहे. ते वाईट असं आमचं म्हणणं नाही. ते कुठल्या जातीचं आहे आणि त्यातून काय निघतं, हे आपण विचारत नाही, ही तक्रार.

सिंहगडाचं घेऊ, कारण ते सगळ्यांना पाठ आहे. ४ फेब्रुवारी १६७०. तानाजी मालुसरे, उदेभान, अंधारी रात्र. आणि घोरपड. आता सभासदाची बखर काढा. कृष्णाजी अनंत सभासदाने ती जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, थोरल्या महाराजांच्या निधनानंतर वीस वर्षांच्या आत लिहिली. तिच्यात मावळे कडा चढतात ते वानरासारखे. घोरपड नाही. सभासद आग सांगतो. गड घेतल्यावर पागेचे खण पेटवले आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असं तो सांगतो. ती घोरपड येते शाहिराच्या पोवाड्यात. तिथे ती आधी चढायला नकार देते. अपशकुन होतो. तानाजी तिला दमात घेतो, मग ती चढते. म्हणजे पोवाड्यातली घोरपड ही दोर नाही, ती नियती आहे. शाहिराला तानाजीचा हट्ट दाखवायचा होता, आणि तो त्याने फार झोकात दाखवला. कवीचं काम त्याने चोख केलं. बिघडलं ते पुढे. आम्ही लोकांनी ती घोरपड पोवाड्यातून उचलली आणि थेट कड्याला चिकटवली. आता तरुण अभ्यासक तावातावाने वाद घालतात, की घोरपड माणसाचं वजन पेलेल का. पेलणार नाही हो. पण हा प्रश्न शाहिराला विचारायचाच नव्हता.

नावाचंही तेच. सिंह गेला म्हणून सिंहगड, हे हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीने घरोघर पोचवलं. पण 'सिंहगड' हे नाव १६७० च्या आधीच्या पत्रव्यवहारात आहे. हे अभ्यासकांनी सांगून किती वर्षं झाली! गडावर पिठलं-भाकरी खाताना विचारा, शंभरातल्या किती जणांना माहीत आहे ते. ज्ञान छापलं की पसरतं, ही आमची तरुणपणची समजूत होती. ती आता राहिलेली नाही.

आता दुसरं उदाहरण, आणि इथे आम्ही थोडी बाजू बदलणार आहोत. हिरकणी. गडाखालची दूध विकणारी बाई. संध्याकाळी दरवाजे बंद झाले. घरी तान्हं मूल. ती रायगडाचा कडा उतरून गेली, आणि पुढे महाराजांनी तिथे बुरूज बांधला. समकालीन कागदात या बाईचा पत्ता लागत नाही. तेव्हा कडक भाषेत बोलायचं तर हीही वडावरची यक्षीणच. पण थांबा. या कथेत अशी एक गोष्ट आहे जी घोरपडीच्या कथेत नाही. गडाला दूध लागत होतं आणि ते खालून येत होतं, हे या कथेला माहीत आहे. दरवाजे सूर्यास्ताला बंद होत, आणि खालच्या माणसाचं घर व वरच्या माणसाचा नियम यांत ओढाताण होई, हे तिला माहीत आहे. घटना सिद्ध होवो न होवो, गडाचा रोजचा दिवस तिच्यात आहे. म्हणून आम्ही हिरकणी पुसू देणार नाही. तिच्यापुढे 'म्हणे' मात्र राहू द्यावं.

रोजचा दिवस म्हटला की आणखी एक प्रमाण आठवतं, मीमांसकांचं लाडकं. अर्थापत्ती. देवदत्त लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही. तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. (हशा) हसू नका, हे फार कामाचं प्रमाण आहे. गडावर लावून पाहा. सह्याद्रीच्या एका बोडक्या सुळक्यावर शे-दोनशे माणसं बारमाही राहत होती. तिथे भात पिकत नाही. मीठ निघत नाही. जळण सगळं वर उगवत नाही. तेव्हा कुणीतरी ते वाहून नेत होतं. रोज. डोक्यावर. तटाचा दगड तिथलाच खोदला असेल, पण चुन्याचा घाणा फिरवायला बैल, चुना भाजायला लाकूड, पाथरवटाला भाकरी? टाकी खोदणारा बेलदार टाकं भरेपर्यंत कुठलं पाणी पीत होता? आपल्या दुर्गवाङ्मयाने अर्थापत्ती कधी वापरलीच नाही. लढाईची एक रात्र सांगायची आणि उरलेल्या हजारो रात्री सोडून द्यायच्या. गडाच्या घेऱ्यातली गावं, वरती भार वाहणारी माणसं, त्यांतली किती मजुरीवर होती आणि किती वेठीला, या प्रश्नावर पुस्तकामागून पुस्तक गप्प आहे. इतक्या रात्री इतका देवदत्त जेवला आणि स्वयंपाक कुणी केला हे कुणी विचारलं नाही!

असं लिहिता येतं का? येतं. तीनशे वर्षांपूर्वी आलं होतं. रामचंद्र नीळकंठ अमात्यांचं 'आज्ञापत्र' तुमच्यापैकी पुष्कळांनी महाविद्यालयात नेमलेलं म्हणून वाचलं असेल आणि परीक्षेनंतर विसरला असाल. ते १७१५-१६ च्या सुमाराचं मानतात, कोल्हापूरकर संभाजी राजांसाठी लिहिलेलं. त्यातलं दुर्गांचं प्रकरण एकदा सावकाश वाचा. आमच्या मते मराठीत किल्ल्यांवर याच्याइतकं चांगलं लिहिणं नंतर झालं नाही. आणि हे आम्ही निव्वळ गद्य म्हणून म्हणतो आहोत.

अमात्य सुरुवातीला दुर्गांचं महत्त्व सांगतात, राज्याचं सार म्हणजे गड वगैरे. ते ठीक आहे, तेवढं कुणीही सांगेल. पण लगेच ते पाण्यावर येतात. आधी पाणी पाहा, मग गड बांधा. पाणी नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल, तर खडक फोडून टाकी करा. एक झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नका. का? तर लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात, आणि पाण्याचा खर्च नेमका तेव्हाच वाढतो. बघा हे वाक्य! तोफेने झरा आटतो की नाही हा भूजलतज्ज्ञाचा प्रश्न आहे. आम्हाला दिसतो तो असा माणूस, ज्याने वेढ्यात अडकलेल्या गडावर टाक्याच्या तळाकडे रोज वाकून पाहिलं आहे. हाच आप्त. स्वतः जाणलेलं, जसं जाणलं तसं सांगणारा.

पुढे ते म्हणतात, जवळचा डोंगर गडापेक्षा उंच असेल तर तो फोडून कमी करा, नाहीतर तटाच्या आत घ्या. दरवाजा खालून दिसता कामा नये. एकच दरवाजा ठेवू नका, चोरदिंड्या असू द्या. दारूखाना घरांपासून लांब. आणि मग, श्रोतेहो, हा राज्याचा अमात्य केराबद्दल लिहितो! गडावरचा केर गडाखाली टाकू नये. जागच्या जागी जाळावा, राख परसात घालावी आणि तिच्यावर भाजीपाला करावा. आरमाराच्या प्रकरणातही असंच. जहाजांना लाकूड लागतं, पण रयतेचे आंबे-फणस तोडू नका, कारण ती झाडं लोकांनी मुलांसारखी वाढवलेली असतात. अगदीच लागलं तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्या. एवढ्या मजकुरात 'गौरवशाली' हा शब्द कुठे बसवणार? जागाच नाही. आजचं आपलं गडलेखन मात्र बहुतेक त्याच एका शब्दावर उभं आहे.

पाण्यावरून आठवलं म्हणून सांगतो, शिवाजी महाराजांचं जिवाजी विनायकांना लिहिलेलं पत्र. राजपुरीच्या सिद्दीच्या उरावर पद्मदुर्ग बसवला होता. तिथे रसद आणि पैका पोचवायला या सुभेदाराने दिरंगाई केली. महाराजांनी त्याला असा काही खडसावला आहे, की हबशाने तुला काही देऊन फिरवला की काय इथपर्यंत. जंजिऱ्याची गोष्ट आपण अजिंक्य, अजिंक्य म्हणून सांगतो. पण जंजिऱ्यासमोरच्या त्या बेटावरच्या माणसांचं धान्य एका कचेरीत अडकून राहिलं होतं, हे जलदुर्गाच्या इतिहासातलं आम्हाला सर्वांत खरं वाटणारं पान आहे. आमच्या नोकरीत आम्हीही पगाराची बिलं अडकलेली पाहिली आहेत. असो.

गो. नी. दांडेकरांबद्दल बोललो नाही तर तुम्ही आम्हाला जिना उतरू देणार नाही. अप्पांचं ऋण मोठं आहे. 'दुर्गभ्रमणगाथा' वाचून एक पिढी घराबाहेर पडली, आम्हीही पडलो. शिवाय त्यांनी 'माचीवरला बुधा' लिहिला. राजमाचीवर माणूस राहतो, झाडं-जनावरं राहतात, हे त्यांनी दाखवलं. त्यांच्या गडलेखनात भक्ती फार आहे हे खरं. कधीकधी वाचताना वाटतं की आता घंटा वाजेल. पण ती भक्ती त्यांच्या पायांनी कमावलेली होती. त्यांच्यानंतरच्यांनी भक्ती उचलली आणि पाय तिथेच राहिले.

आता विजयदुर्ग. इथे जरा वेळ काढणार आहोत, कारण इथे आरोपीच्या पिंजऱ्यात आम्ही स्वतः आहोत.

तुम्ही गेला असाल तर तिहेरी तटबंदी पाहिली असेल, वाघोटणच्या खाडीचं मुख पाहिलं असेल. गडावर काही ओटे आहेत, त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. गोष्ट अशी सांगतात, की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने या ओट्यांवर दुर्बीण लावली आणि इथून हेलियम वायूचा शोध लागला. दर १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. आमचं पाप असं, की ही गोष्ट आम्ही वर्गात वर्षानुवर्षं सांगितली. निरीक्षण आणि अनुमान हा धडा शिकवताना. मोठ्या रंगात. म्हणजे प्रमाणशास्त्राचा प्राध्यापक प्रत्यक्षप्रमाणाचं उदाहरण म्हणून ऐतिह्य सांगत होता!

एकदा आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने, पुढे तो पदार्थविज्ञानाकडे वळला, काही छायाप्रती आणून टेबलावर ठेवल्या. बोलला काही नाही. त्याची वृत्ती चांगली. १८६८ च्या ग्रहणाला लॉकियर भारतात नव्हताच. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता, पण तो गुंटूरला. लॉकियरने पुढे ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, इंग्लंडमध्येच सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातल्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमचं नाव आलं, आणि पृथ्वीवर तो वायू रॅम्सेला सापडला तो १८९५ मध्ये. मग विजयदुर्गाचं काय? तर लॉकियर विजयदुर्गाला आला होता. खरोखर आला होता. पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेच्या मदतीने. नौकेवरच्या अधिकाऱ्यांना नि खलाशांना उपकरणं हाताळायला लावलं होतं. याचा सविस्तर वृत्तान्त त्याने स्वतः नि सहकाऱ्यांनी रॉयल सोसायटीकडे छापला आहे. आपला म्लेच्छ आप्त तो हाच. तीस वर्षांचं अंतर असलेली दोन ग्रहणं लोकांच्या तोंडी एक झाली. ओटे खरे, साहेब खरा, ग्रहण खरं. वर्ष आणि शोध तेवढे दुसरीकडचे.

आणि खरी गोष्ट पाहा किती भरलेली आहे. १८९८ चा जानेवारी म्हणजे मुंबई-पुण्याला प्लेग चालू. रँडचा वध होऊन सात महिने झालेले. टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात. अशा दिवसांत राणीची युद्धनौका एका जुन्या मराठी जलदुर्गाखाली नांगर टाकते, कशासाठी, तर सूर्य पाहायला. त्याच ग्रहणाला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले कावसजी नायगमवाला आपली तुकडी घेऊन सोलापूरकडच्या जेऊरला गेले होते. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेची माणसंही जेऊरला होती. अभिमानच बाळगायचा तर नायगमवालांचा बाळगायला काय हरकत होती? जेऊरच्या स्टेशनवरून आम्ही कितीदा गेलो, आम्हालाही ठाऊक नव्हतं.

हे कळल्यावर आम्ही विजयदुर्गाला गेलो. गडावर एक स्थानिक तरुण वाटाड्या पंधरा-वीस पर्यटकांना घेऊन हिंडत होता. गोष्ट सांगायची त्याची हातोटी उत्तम. ओट्यांपाशी आल्यावर त्याने १८६८ सुरू केलं आणि आम्ही सगळ्यांदेखत त्याला थांबवलं. पाच मिनिटं व्याख्यान दिलं. वर्षं, ठिकाणं, सगळं बिनचूक. लोक आमच्याकडे पाहायला लागले, मग त्याच्याकडे. तो पोरगा काही बोलला नाही. पुढच्या बुरुजावर त्याचा आवाज बसला होता. शेवटी लोकांनी पैसे दिले ते कमी दिले. एक गृहस्थ तर म्हणाले, हे सगळं खोटंच असतं हो. आम्ही सत्य सांगितलं होतं आणि त्याचा परिणाम असा झाला, की त्या गृहस्थाने तटबंदीवरचाही विश्वास सोडला. ही चूक आमची. त्या मुलाने ती गोष्ट रचलेली नव्हती. फलकांवरून, पुस्तकांतून, मास्तरांकडून ती त्याला मिळाली होती. कोण जाणे, एखाद्या मास्तराने ती आमच्याच वर्गात ऐकलेली असेल.

खाली चहाच्या टपरीवर आम्ही त्याला गाठलं, माफी मागितली. सुरुवातीला तो 'असूंदे हो सर' एवढंच म्हणत राहिला. मग हळूहळू बोलता झाला. समुद्राखालच्या भिंतीचं त्याने सांगितलं. तिचं सर्वेक्षण गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केलं आहे, ते त्याला माहीत होतं. कुठल्या ओहोटीला तिच्या बाजूने होडी न्यायची नाही, हे त्याला त्याच्या आजोबांनी सांगितलेलं. हेही ऐतिह्य म्हणा हवं तर. पण रोज समुद्र त्याची परीक्षा घेतो.

आम्ही त्याला विचारलं, १७५६ तू सांगतोस का? म्हणाला, थोडं. लोकांना आवडत नाही. खरंच आहे, कसं आवडेल? १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरात एकमेकांना बांधलेलं होतं. 'रिस्टोरेशन' नावाच्या गलबतावर, जे आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेलं, तोफगोळा पडला, ते पेटलं आणि आग सगळ्या आरमारात पसरली. हे झालं ते पेशव्यांशी झालेल्या तहाने. आदल्या वर्षी सुवर्णदुर्गही याच युतीत कमोडोर जेम्सने घेतला होता. आंग्रे पेशव्यांना डोईजड झाले, म्हणून समुद्रावरचं मराठ्यांचं सगळ्यांत बळकट आरमार मराठ्यांच्या साह्याने जळलं. नंतर विजयदुर्ग परत घेण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांना बाणकोट दिलं. टोपीकरांना समुद्रकाठी जागा देऊ नका, ते किल्ला बांधतील आणि मग निघणार नाहीत, हे अमात्य आज्ञापत्रात चाळीस वर्षांपूर्वी लिहून बसले होते. दुर्गवाङ्मयात या प्रसंगावर सहसा परिच्छेद असतो, पान नसतं. तुळाजी बेलगाम होते, असं एक वाक्य टाकून लेखक पुढच्या बुरुजाकडे वळतो. आम्हाला विचाराल तर गडावर सांगण्यासारखी खरी गोष्ट हीच आहे. ती ऐकताना मान ताठ होत नाही, खाली जाते, म्हणून ती सांगितली जात नाही.

जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. साल्हेरपासून तिकडे तमिळ मुलखातल्या जिंजीपर्यंत. विजयदुर्गही त्यात आहे. मिरवणुका निघाल्या, निघाव्यात. पण त्या नोंदीच्या नावात एकेक किल्ला नाही, 'लष्करी भूदृश्य' असा शब्द आहे. भूदृश्य म्हणजे गड एकटा नाही. त्याची वाट, त्याचं रान, खाडी, खालचं गाव, पाणी. आज्ञापत्रातलं केराचं नि आंब्याच्या झाडाचं वाक्य या शब्दात मावतं. आमच्या पुस्तकांतलं अजून मावत नाही. आणि आता माहितीचे नवे फलक लागतील. दगडावर कोरलेलं 'आहे' पुन्हा पुसायला किती वर्षं लागतात, ते सिंहगडाच्या नावावरून तुम्हाला कळलंच आहे. म्हणून ही तक्रार आत्ताच केली.

त्या वाटाड्याचा मागच्या महिन्यात फोन आला होता. आता तो १८९८ सांगतो. आधी जुनी गोष्ट सांगतो, 'असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो' असं म्हणून, आणि मग खरं काय झालं ते. लोक थोडा वेळ गोंधळतात, पण ऐकतात, म्हणाला. पैसे पूर्वीएवढे मिळतात का, ते आम्ही विचारलं. थोडे कमी, म्हणाला. मग त्याने आम्हाला एक प्रश्न घातला. साहेब आणि त्याची माणसं इतके दिवस गडावर होती, एवढाली उपकरणं जहाजावरून वर नेली, तर त्यांना पाणी कुणी भरलं आणि ओझी कुणी वाहिली? आमच्या गावचीच माणसं असणार ना सर? त्या इंग्रजी कागदात त्यांची नावं आहेत का?

आम्ही पुन्हा छायाप्रती काढल्या आहेत. खलाशांची आणि अधिकाऱ्यांची नावं आहेत. बाकीचं अजून वाचतो आहोत.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. वेळ झालेली दिसते. कुणाला काही विचारायचं असेल तर जरा मोठ्याने विचारा, डावा कान कामातून गेला आहे.